नाव, स्पेलिंग आणि भाषा: ऑनलाइन आणि परक्या मुलखात वावरताना मराठी माणसांना पडणारे प्रश्न

पासपोर्ट, आधार, ऑफिसचा ईमेल, फॅमिली ग्रुप, परदेशातली शाळा, या सगळ्यात आपलं नाव आणि आपली भाषा कशी सांभाळायची याबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून एकत्र करून ठेवलेत. पुण्या-मुंबईतून येतात, बंगलोरहून येतात, जर्मनी-अमेरिकेतून येतात. आधी सोपे, मग किचकट. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: कागदावर स्पेलिंग एकच ठेवा, तिथे हट्ट नको. पण लोकांच्या तोंडी तुमचं नाव कसं यावं हे तुम्हीच ठरवायचं, तिथे मात्र हट्ट करा.

१. फॉर्मवर फर्स्ट नेम, मिडल नेम, लास्ट नेम असतं. वडिलांचं नाव मिडल नेममध्ये टाकायचं का?

आधी पासपोर्ट उघडा. भारतीय पासपोर्टवर मिडल नेम नावाचा रकानाच नाही, सरनेम आणि गिव्हन नेम असे दोनच रकाने आहेत. आपल्याकडे बहुतेकांच्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं (किंवा नवऱ्याचं) नाव दोन्ही बसलेलं असतं. म्हणजे सुनील रमेश पाटील असाल तर गिव्हन नेम सुनील रमेश आणि सरनेम पाटील. व्हिसा, विमानाचं तिकीट, परदेशातलं बँक खातं, विद्यापीठाचा प्रवेश, इथे पासपोर्टवर आहे तसंच उतरवायचं, स्वतःच्या डोक्याने तोडजोड करायची नाही. ज्या फॉर्मला खरंच मिडल नेमचा वेगळा रकाना आहे आणि जो पासपोर्टशी ताडून बघितला जाणार नाही (लायब्ररी कार्ड, एखादा ऑनलाइन कोर्स) तिथे वडिलांचं नाव मिडलमध्ये टाका, काही बिघडत नाही.

याचा एक परिणाम मात्र होतो. जर्मनीत किंवा अमेरिकेत ऑफिसची सिस्टीम पासपोर्टवरून नाव उचलते आणि तुम्ही सगळ्यांसाठी "सुनील रमेश" होता, मग कोणीतरी नुसतं "रमेश" म्हणायला लागतं. वडिलांच्या नावाने हाक मारलेली ऐकून फार विचित्र वाटतं असं खूप जण लिहितात. पहिल्याच दिवशी एचआरला सांगा की डिस्प्ले नेम फक्त सुनील पाटील हवंय, कागदोपत्री नाव तसंच राहू द्या. बहुतेक ठिकाणी या दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि विचारलं की करून देतात.

२. माझ्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी आहे, पासपोर्टवर शेवटी. परदेशी युनिव्हर्सिटी म्हणते नाव जुळत नाही.

हा प्रश्न खास महाराष्ट्राचा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर, शाळेच्या दाखल्यावर, जनरल रजिस्टरला आडनाव आधी लिहायची पद्धत आहे, आणि काही विद्यापीठांच्या गुणपत्रिकेवर शेवटी आईचं नावही असतं. आपल्याला ते वाचता येतं, बाहेरच्या माणसाला पाटील हेच पहिलं नाव वाटतं. बऱ्याचदा एक साधं पत्र पुरतं: आमच्या राज्यात गुणपत्रिकेवर नाव आडनाव-नाव-वडिलांचं नाव अशा क्रमाने छापतात, पासपोर्टवरचं नाव याच व्यक्तीचं आहे. कॉलेजच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी मिळालं तर उत्तम. तेवढ्याने भागलं नाही तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या. हे भारतात असतानाच करा, तिकडे गेल्यावर याच कामासाठी वकिलातीत अपॉइंटमेंट घेऊन बसावं लागतं. क्रम वेगळा असेल तर एवढं पुरतं, स्पेलिंगच वेगळं असेल तर प्रश्न ४ बघा.

३. तिकिटावर माझं आणि बाबांचं नाव जोडून एकच शब्द झालाय आणि पुढे एमआर पण चिकटलंय. विमानात बसू देतील ना?

देतील. विमान कंपन्यांच्या जुन्या बुकिंग सिस्टीममध्ये नावातल्या मोकळ्या जागा गाळल्या जातात आणि शेवटी मिस्टर-मिसेस चिकटतं, रोज हजारो भारतीय असंच तिकीट घेऊन प्रवास करतात. काळजी करायची ती अक्षर चुकलं असेल तर, किंवा नाव आणि आडनाव उलटसुलट झालं असेल तर. तसं असेल तर आजच फोन करून दुरुस्त करा, विमानतळावर जाऊन नको.

४. आधारवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. कुठलं खरं धरायचं आणि कुठून सुरुवात करू?

आपल्याकडे हे घरोघरी आहे, कारण मराठी नाव रोमनमध्ये लिहायचा एकच एक नियम नाही. अश्विनी डब्ल्यूने पण लिहितात आणि व्हीने पण, ज्ञानेश्वर कोणी डीएनने सुरू करतं कोणी जीने, दीक्षितमध्ये कोणी एक्स टाकतं कोणी केएसएच. (केएसएच वाल्यांना एक जास्तीचा ताप आहे, इंग्रजी वेबसाइटचा शिवीगाळ अडवणारा फिल्टर त्या स्पेलिंगमधले तुकडे पकडतो आणि तुमचं चांगलंभलं नाव "चालणार नाही" म्हणून परत पाठवतो. तेव्हा सपोर्टला लिहा, पासपोर्टची कॉपी जोडा, पण त्यांच्यासाठी स्पेलिंग बदलू नका.)

माझा सल्ला असा की ज्या कागदावर सगळ्यात जास्त गोष्टी टांगलेल्या आहेत तो खुंटा धरायचा. परदेशाशी संबंध असेल तर पासपोर्ट, नसेल तर दहावीचं सर्टिफिकेट. बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून आणायचे. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं हे लक्षात ठेवा, म्हणून तिथे घाई नको, आधी नक्की काय हवं ते कागदावर लिहून काढा. पॅन आणि आधार जोडताना नाव जुळलं नाही तर ते लिंक होत नाही, आणि लिंक न झालेली पॅन कार्डं १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाली, त्यामुळे हे चालढकल करण्यासारखं काम नाही. एखादं अक्षर इकडेतिकडे असेल तर नुसत्या दुरुस्तीने भागतं. नाव खरोखर बदलायचं असेल, म्हणजे वेगळंच नाव किंवा वेगळं आडनाव, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ते छापून आणावं लागतं, त्याला आपण नेहमीच्या बोलण्यात गॅझेट म्हणतो. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो.

आणि आधारवरचं मराठी नाव पण वाचा हो! तिथे इंग्रजीवरून आपोआप उतरवलेलं मराठी असतं आणि त्यात काळेचं काले, वाघचं वाघा असं काहीही झालेलं असतं. कोणी बघत नाही आणि तेच पुढे दुसऱ्या कागदावर जातं.

५. ऑफिसमध्ये माझं आडनाव सगळे चुकीचं म्हणतात. रोज काय सुधारत बसायचं?

रोज नाही, पण पहिल्या आठवड्यात नक्की. आपली कितीतरी आडनावं रोमनमध्ये लिहिली की इंग्रजीतला भलताच शब्द होतात. मोरे म्हणजे मोअर, माने म्हणजे मेन, साने म्हणजे सेन, दाते म्हणजे डेट, आणि काळे मंडळींना तर अमेरिकेत "केल" नावाची पालेभाजी करून टाकतात. समोरचा माणूस मुद्दाम करत नाही, त्याच्या भाषेत शेवटचा ई बोलतच नाहीत, त्याला सांगितल्याशिवाय कळणार कसं.

एक वाक्य तयार ठेवा, त्यांच्या ओळखीच्या आवाजांतलं. मोरे असाल तर शेवटी "रे" येतो, गाण्याच्या सुरावटीतला "रे", एवढं पुरतं. लिंक्डइनवर दहा सेकंदांत स्वतःच्या आवाजात नाव रेकॉर्ड करून ठेवायची सोय आहे, ती वापरा. ईमेलच्या सहीखाली उच्चार लिहा. ळ, ण, आणि आपला च-ज-झ यांचा दुसरा उच्चार बऱ्याच भाषांमध्ये नाही, जपानी सहकारी कितीही मनापासून म्हणाला तरी ळ येणार नाही. तिथे जवळपास पोचलं की पुरे म्हणा. प्रयत्न करणाऱ्याला "इट्स ओके, एनीथिंग इज फाइन" म्हणून सोडून देणं मला पटत नाही, कारण तो पुढच्या माणसाला तेच चुकीचं शिकवतो आणि दोन वर्षांनी तुमची ओळखच त्या चुकीच्या नावाने झालेली असते.

६. मग सोपं म्हणून छोटं इंग्रजी नाव घेतलं तर? अनिरुद्धचा अँडी?

तुमची मर्जी, यात कमीपणा काही नाही. फक्त एक बघा, ते नाव तुम्हाला हवंय का समोरच्याने लादलंय. अनिरुद्धला घरी अनि म्हणतच असतील तर ऑफिसमध्येही अनि चालेल, ते तुमचंच आहे. मॅनेजरने पहिल्या दिवशी "मी तुला अँडी म्हणतो" म्हटलं म्हणून झालेला अँडी मात्र वेगळा, तिथे हसून "अनि म्हणा, तेही सोपंच आहे" असं सांगता येतं. पगाराची स्लिप, करार, व्हिसाचे कागद यावर अँडी कधीही येऊ देऊ नका, पार्श्वभूमी तपासणीत (हो, तेच बॅकग्राउंड चेक) फार त्रास होतो.

७. जर्मन टीममध्ये सगळे बॉसला पहिल्या नावाने हाक मारतात. मला जीभच रेटत नाही. काय करू?

जर्मनमध्ये आपल्यासारखंच आहे, "डू" म्हणजे अरे-तुरे आणि "झी" म्हणजे अहो-जाहो. म्हणून मराठी माणसाला हे इंग्रजीपेक्षा लवकर कळायला हवं. तिकडे रीत अशी की वयाने किंवा पदाने मोठा माणूस "डू" म्हणू या असं सुचवतो, आपण आपणहून सुरू करायचं नाही. आणि एकदा त्यांनी सुचवलं की परत अहो-जाहोवर जाणं म्हणजे त्यांना दूर ढकलल्यासारखं होतं, आपल्याकडे सासूबाईंनी "अगं आई म्हण" म्हटल्यावरही मॅडम म्हणत राहिलं तर कसं वाटेल तसं. अमेरिकेत तर हा प्रश्नच नाही, पहिलं नाव. जपानमध्ये आडनावामागे "सान" लावायचं, स्वतःच्या नावामागे कधीच नाही.

आदर शब्दातून दाखवायची सवय असते आपल्याला, तो तिथे कामातून दाखवा: वेळेवर या, काम होणार नसेल तर आधी सांगा. आपलं "बघतो", "करून टाकू", "प्रयत्न करतो" हे आपल्याला कळतं की यात अर्धा नकार आहे, त्यांना तो होकार वाटतो आणि ते तारीख लिहून घेतात. मग शुक्रवारी काम झालेलं नसतं आणि ते चिडतात. मला जमणार नाही, सोमवारी देऊ शकतो, हे वाक्य उद्धट नाही.

८. दिल्लीच्या सिनिअरला मी हिंदीत "तुम" म्हटलं आणि ते दुखावले. माझं काय चुकलं?

मन चुकलं नाही, शब्द चुकला. आपलं तुम्ही आदराचं आहे म्हणून आपण सरळ त्याचं "तुम" करतो, पण उत्तरेकडच्या हिंदीत तुम म्हणजे बरोबरीच्याला किंवा लहानाला, मोठ्याला "आप"च लागतं, आणि क्रियापदही त्याप्रमाणे, "आप आओ" नाही, "आप आइए". मुंबईच्या हिंदीत तुम सर्रास चालतं, तिथे कोणाला लागत नाही. त्यामुळे मुंबईत वाढलेल्या माणसाला हा फरक कळतच नाही जोपर्यंत लखनौचा किंवा दिल्लीचा कोणी भेटत नाही. चॅटवर तर आवाजातला गोडवाही नसतो, नुसतं "तुम भेज दो" दिसतं आणि ते हुकूम सोडल्यासारखं वाचलं जातं. लिहिताना शंका असेल तर आप. आणि समोरच्याला एकदा सांगून टाका की आमच्या मराठीत तुम्ही हेच आदराचं आहे, बहुतेक जण हसून सोडतात आणि उलट लक्षात ठेवतात.

९. मीटिंगमध्ये आम्ही दोघं मराठी, तिसरा तमिळ. आपापसात मराठी बोललं तर चालतं का?

तिसरा खोलीत किंवा कॉलवर असेल तर कामाचं बोलणं त्याला कळेल त्या भाषेत. मराठीवरचं प्रेम दाखवायची ती जागा नाही, कारण त्याला वाटतं आपल्याबद्दलच बोलतायत. काही पटकन मराठीत बोलणं भागच असेल (आईचा फोन आला, मुलाला बरं नाही) तर "एक मिनिट, घरचं आहे" म्हणा आणि बोला. उलट बंगलोरला तुम्ही एकटे मराठी आणि बाकी सगळे कन्नड बोलतायत तेव्हाही हेच मागायचा तुम्हाला हक्क आहे. जेवणाच्या टेबलावर मात्र मोकळं सोडा, आणि त्या तमिळ मित्राला दोन-चार मराठी शब्द शिकवा, त्याच्याकडून दोन-चार घ्या.

१०. फॅमिली ग्रुपवर आजी देवनागरी लिहिते, मुलं रोमनमध्ये, अमेरिकेतली नातवंडं इंग्रजी. कोणाला कोणाचं कळत नाही!

हा प्रश्न माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा, कारण इथे नाती तुटतात आणि कोणाचीच चूक नसते. आजीला "kसं" असं अर्धं-अर्धं आलेलं वाचता येत नाही, नातवाला ऐकून सगळं कळतं पण अक्षर ओळखता येत नाही. लिपीची अडचण आहे, भाषेची नाही. म्हणून आवाजाचे मेसेज. आजीने बोलून पाठवायचं, नातवाने बोलून उत्तर द्यायचं, मोडकंतोडकं, इंग्रजी मिसळून, कसंही. ज्या घरांनी हे सुरू केलं त्यांच्याकडून मी परत परत ऐकलंय की मुलं बोलायला लागली, कारण बोलताना स्पेलिंगची भीती नसते.

आणि मोठ्यांना एक कळकळीची विनंती: नातवाने "आजी मी आला" म्हटलं (किंवा नातीने "मी गेला") तर ग्रुपवर सगळ्यांसमोर हसू नका. एकदा हसलात की तो पुढच्या वेळी इंग्रजीतच लिहिणार. आधी त्याच्या बोलण्याला उत्तर द्या, त्या उत्तरातच बरोबर रूप वापरा, "अरे वा, आलास का!", तो आपोआप उचलतो.

अक्षरओळख हवी असेल तर उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (स्थापना १९८१) छत्राखाली गावोगाव मराठी शाळा चालतात, शनिवार-रविवारी. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासूनचं आहे. जवळ काहीच नसेल तर मुलाच्या फोनवर मराठी कीबोर्ड टाकून द्या, रोमनमध्ये टाइप केलं की देवनागरी उमटते आणि बघता बघता अक्षरं ओळखीची होतात.

११. माझं आडनाव कऱ्हाडे. मराठीत सर्च केलं तर कधी सापडतं कधी नाही. असं का?

कारण तो अर्धा र (ऱ्) कॉम्प्युटरमध्ये दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात त्याच्यासाठी खास ऱ हे अक्षर वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखे, मशीनला दोन वेगळी नावं. कोऱ्हाळकर, गोऱ्हे, कुऱ्हाडे सगळ्यांना हा त्रास. तुमचा कीबोर्ड कुठला प्रकार देतो ते बघा आणि सगळीकडे तोच वापरा, शोधताना मात्र दोन्ही टाकून बघा.

याच जातीचं आणखी एक म्हणजे ॲ. म्हणजे ॲडव्होकेट, ॲनिमेशन मधलं. हिंदी कीबोर्ड ऍ देतो, मराठीत ॲ लिहितात, आणि ॲ युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर सगळ्या भाषांची अक्षरं साठवायची जगभरची सामायिक पद्धत) आलं २००८ मध्ये, त्यामुळे जुन्या मजकुरात ते नाहीच. कोणी पाठवलेली मराठी फाइल इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसत असेल तर ती युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली आहे, त्याच फाँटमध्ये उघडा किंवा कन्व्हर्टरमधून काढा. मराठीत ईमेल पत्ताही घेता येतो हल्ली, .भारत हे डोमेन २०१४ पासून आहे, पण अजून असंख्य फॉर्म तो पत्ता नाकारतात म्हणून बँकेला देऊ नका.

१२. लग्नानंतर नाव बदललं नाही तर अडचण येईल का? सासरचे म्हणतात व्हिसा मिळणार नाही.

मिळतो. लग्नानंतर बाईने नाव बदललंच पाहिजे असा कायदा भारतात नाही, पासपोर्टला पण लागत नाही. नातं दाखवायला मॅरेज सर्टिफिकेट लागतं, आडनाव सारखं असणं नाही. ते सर्टिफिकेट मात्र नक्की काढा, पत्रिका आणि फोटोंवर कोणी विश्वास ठेवत नाही.

बदलायचं असेल तर सगळीकडे बदला, आणि प्रवास तोंडावर असताना नको. अर्धं माहेरचं अर्धं सासरचं अशा अवस्थेत वर्षानुवर्ष राहिलेल्या बायकांची पत्रं सगळ्यात जास्त येतात, बँकेत एक नाव, डिग्रीवर एक, आधारवर तिसरं. काही घरांत अजून तांदळाच्या ताटात बायकोचं पहिलं नावच नवीन लिहितात. ते घरापुरतं गोड मानून ठेवा हवं तर, पण ज्या नावाने तुम्ही शिकलात, नोकरी केलीत, ज्या नावाने लोक तुम्हाला शोधतात ते हातचं जाऊ देऊ नका, हे मी अगदी ठामपणे सांगते.

१३. आता म्हणे आईचं नाव पण लावायचं. मग नाव किती लांब होणार?

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये ठरवलं की १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम असेल. फार चांगलं झालं, उशीर झाला एवढंच. आधी जन्मलेल्यांनी घाबरायचं कारण नाही, तुमचे कागद आहेत तसेच चालतात.

लांबीचं म्हणाल तर पासपोर्टच्या खाली मशीनने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ जागांच्या, आणि त्यातल्या नावाला मिळतात फक्त ३९. समजा बाळ ज्ञानेश्वरी, आई वैष्णवी, बाबा चंद्रशेखर आणि आडनाव कुलकर्णी, हे रोमनमध्ये मधल्या खुणा धरून ४७ होतं, म्हणजे गिव्हन नेममध्ये सगळं घातलं तर त्या ओळीत शेवटचं कापलं जाणार. कापलं गेलं तरी पासपोर्ट खोटा ठरत नाही, वरच्या छापील भागातलं नाव धरतात. तरी बाळाचं नाव ठेवताना हा विचार करायला हरकत नाही.

१४. मला ऑनलाइन ओळख न दाखवता लिहायचंय, पण मराठीत "गेलो-गेले" वरून लगेच कळतं बाई की पुरुष.

कळतं खरं. इंग्रजीत लपून राहता येतं, मराठीत क्रियापदच सांगून टाकतं. पण वाट आहे. भविष्यकाळ वापरा, "मी येईन, मी करेन" यात काही कळत नाही. "मला वाटतं", "मला आठवतं" चालतं. भूतकाळात कर्म असलेली वाक्यं घ्या, "मी बघितलं, मी वाचलं, मी सांगितलं" हे सगळ्यांचं सारखंच. अडतात ती गेलो-आलो-राहिलो वाली, तिथे "माझं जाणं झालं" किंवा सरळ "आम्ही गेलो". ज्यांना त्रास देणाऱ्यांपासून दूर राहायचंय अशा बायकांना हे खरंच उपयोगी पडतं. आणि ज्यांना स्वतःसाठी दोन्हीपैकी कुठलंच रूप नको असतं ते पण असंच लिहितात. एखाद्याने आपलं रूप बदललंय असं सांगितलं, काल "आलो" म्हणणारी आज "आले" म्हणते, तर तुम्हीही "आलीस का" म्हणायला लागा. सवय व्हायला वेळ लागतो, चुकलं तर दुरुस्त करून पुढे जा, मोठी माफी मागत बसलं की त्या व्यक्तीलाच अवघडायला होतं.

१५. आडनाव सांगितलं की लोक जात शोधतात. परदेशातही. प्रोफाइलवर आडनाव काढून टाकू का?

काढलं तरी चालतं. कितीतरी जण नाव आणि वडिलांचं नाव एवढंच लावतात, काही फक्त पहिलं नाव, सोशल मीडियावर कोणी अडवत नाही. कागदोपत्री बदलायचं तर प्रश्न ४ मधली गॅझेटची वाट, आणि आडनाव पूर्णच गाळायचं असेल तर आधी प्रश्न १६ वाचा.

पण मला हेही म्हणायचंय की लपवायची जबाबदारी तुमची नाही. "मूळचे कुठले?", "म्हणजे नेमके कोण?", "व्हेज का नॉनव्हेज?" हे प्रश्न घर भाड्याने घेताना, मराठी मंडळाच्या गणपतीत, पहिल्या भेटीत येतात आणि विचारणाऱ्याला वाटतं आपण नुसत्या गप्पा मारतोय. "का विचारताय?" एवढंच शांतपणे विचारा. अमेरिकेत सिॲटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला कायद्याने बंदी केली, असं करणारं ते तिथलं पहिलं शहर. ऑफिसमध्ये असं घडत असेल तर तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा, स्क्रीनशॉट ठेवा, आणि मग एचआरकडे जा. आणि ज्यांना हे प्रश्न कधीच झेलावे लागले नाहीत त्यांनी निदान ते विचारणं थांबवावं.

१६. माझ्या पासपोर्टवर एकच नाव आहे, आडनाव नाही. काही होईल का?

होतं, जपून. अमेरिकेच्या व्हिसावर असं एकच नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी एफएनयू येतं, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. मग बँक, विमा, शाळा सगळीकडे तुम्ही "फ्नू" होता. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये एकशब्दी नावाच्या पासपोर्टवर पर्यटक आणि व्हिजिट व्हिसाने येणाऱ्यांना अडवायला सुरुवात केली, नंतर पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल असा खुलासा झाला. जाण्याआधी विमान कंपनीला विचाराच. लहान मुलांचा पहिला पासपोर्ट काढताना आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका, मग ते आडनाव आजोबांचं नाव असो नाहीतर गावाचं.

१७. "मी तुझा भाचा, फोन हरवलाय, पैसे पाठव" असा मेसेज आला, डीपी त्याचाच. खरा कसा ओळखू?

पैसे पाठवायच्या आधी जुन्या नंबरवर फोन, नाही लागला तर त्याच्या आईला फोन. भाषा पण बघा. तुम्हाला जन्मभर "माऊ" म्हणणारा भाचा अचानक "आंटी" किंवा पुस्तकी "आदरणीय मावशी" म्हणायला लागला तर तो भाचा नाही. आवाजसुद्धा हल्ली नकली करता येतो, म्हणून घरातला एखादा शब्द ठरवून ठेवा जो फक्त तुम्हालाच माहीत. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, जितका लवकर तितकं बरं. आणि हॉटेल, सोसायटी, कुरियर कोणीही आधार मागितलं तर मास्क्ड आधार द्या, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. ग्रुपवर आधारचा फोटो कधीच नाही.

१८. आम्ही गोव्याचे. आजोबांच्या कागदावर आडनाव पोर्तुगीज वळणाचं, माझ्या कागदावर वेगळं.

गोव्यात हे खूप घरांत आहे. नाईकचं शेवटी क्यूयूई वालं रूप, कामतचं कामोतीं, प्रभूचं पोरोब, शेणवीचं सिनाय, असं १९६१ च्या आधीच्या नोंदींमध्ये दिसतं. आजोबांच्या नोंदीवरून जमीन किंवा जन्म सिद्ध करायचा असेल तर मूळ नोंदीला हात लावू नका, ती आहे तशीच हवी. आधी वंशावळ जोडणारे मधले कागद गोळा करा, वडिलांची जन्मनोंद, आजोबांची लग्ननोंद. गोव्यात नाव-आडनाव बदलायला १९९० चा वेगळा कायदा आहे, महाराष्ट्राची गॅझेटची पद्धत तिथे लावू नका.

१९. मॉरिशसची एक मुलगी म्हणते ती मराठी आहे, पण आडनाव सखाराम! असं असतं?

असतं. एकोणिसाव्या शतकात कोकणातून, मुख्यतः रत्नागिरीकडून, ऊसमळ्यांवर गेलेल्या माणसांची नोंद बापाच्या किंवा स्वतःच्या पहिल्या नावाने झाली आणि तेच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. तंजावरच्या मराठी माणसांचं आणखी वेगळं, तिथे दक्षिणेच्या रीतीने आद्याक्षर पुढे आणि मागे राव. त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव (जन्म १८२८, कुंभकोणम) यांच्या नावातला टी म्हणजे तंजावर. म्हणून "पण तुमचं आडनाव मराठी वाटत नाही" हे वाक्य कोणाला ऐकवू नका. त्या मुलीला विचारायचंच असेल तर घरी कोण काय बोलतं ते विचारा, गप्पा छान रंगतील.

२०. मी मराठी, नवरा तमिळ, बाळ कॅनडात होणार. नाव आणि आडनाव कसं ठेवू की सगळीकडे चालेल?

नाव दोन्हीकडच्या आज्यांना फोनवर म्हणायला लावा, आणि शेजारच्या कॅनेडियन बाईलाही. तिघींना जमलं तर उत्तम, दोघींना जमलं तरी पुष्कळ. तमिळ लिपीत ख, घ, भ अशी वेगळी अक्षरं नाहीत, म्हणून तिकडच्या आजीला लिहायला सोपं हवं असेल तर ती टाळा. रोमन स्पेलिंग रुग्णालयात जायच्या आधी ठरवा, दमलेल्या अवस्थेत नर्सला स्पेलिंग सांगताना लोक काय काय लिहून बसतात. आडनावाच्या जागी तमिळ पद्धतीने वडिलांचं नाव जाणार का तुमचं आडनाव, हेही आधीच बोलून घ्या, दोन्ही घरच्यांशी, वाद व्हायचा तर तो बाळ यायच्या आधी होऊ दे.

तिथे जन्मलं की बाळाला कॅनडाचं नागरिकत्व मिळतं. भारतीय पासपोर्ट हवा असेल तर भारतीय वकिलातीत जन्माची नोंद एक वर्षाच्या आत करावी लागते आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लिहून द्यावं लागतं, म्हणून कॅनडाचा पासपोर्ट काढायच्या आधीच हा निर्णय घ्या. कॅनडाचाच घ्यायचा असेल तर पुढे ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांसाठीचं कार्ड) काढता येतं, त्यावर नाव कॅनडाच्या पासपोर्टवरचंच येतं. बारशाला आत्याने कानात सांगितलेलं नाव वेगळं असेल तर ते घरी वापरा, खुशाल.